बेस कोटसाठी कुठले रंग घ्यायचे? वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं

गेल्या अंकात मिनिएचरवर पहिला थर कसा द्यायचा यावर थोडंसं लिहिलं होतं, त्यावर इतके प्रश्न आले की यावेळचं सगळं सदर त्यालाच देतेय. ज्यांना हा छंद नवीन आहे त्यांच्यासाठी सांगते, मिनिएचर म्हणजे टेबलावर खेळायच्या वॉरगेममधल्या साधारण 28 ते 32 मिलीमीटर मापाच्या प्लास्टिकच्या नाहीतर रेझिनच्या छोट्या फिगर, खेळणारे त्या स्वतः जोडतात आणि स्वतःच रंगवतात. बेस कोट म्हणजे प्रायमर, म्हणजे रंग नीट धरावा म्हणून सगळ्यात आधी द्यायचं अस्तर, मारून झाल्यावरचा पहिला सपाट रंग, पुढची सावली, उजेड, कडा सगळं त्याच्यावरच बसतं, त्यामुळे तो डागाळ झाला की पुढे कितीही मेहनत केली तरी दिसतंच.

प्रश्न (पुणे): ताई, मी कॉलेजला आहे, आम्ही तिघा मित्रांनी मिळून वॉरहॅमर 40,000 चा स्टार्टर बॉक्स घेतलाय. आता रंगांवर गाडी अडलीये. सिटाडेलचे बेस घेऊ, व्हॅलेहोचे नवीन गेम कलर घेऊ की आर्मी पेंटरचे फनॅटिक? आणि मोठा सेट घ्यावा का?

आधी हे सांगते की तिघांपैकी काहीही घेतलंस तरी पैसे वाया जाणार नाहीत, सध्या या तिन्ही रेंज चांगल्याच आहेत. फरक आहे तो घट्टपणात, बाटलीत आणि रंग कसे मांडलेत त्यात.

सिटाडेल म्हणजे वॉरहॅमर काढणाऱ्या गेम्स वर्कशॉपचेच रंग, इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमची कंपनी. 2012 साली त्यांनी सगळी रेंज नव्याने मांडली आणि कामाप्रमाणे नावं दिली, बेस, लेयर, शेड, ड्राय अशी. त्यातला बेस हा त्यांच्या जुन्या फाउंडेशन रंगांच्या जागी आलेला, पिगमेंट, म्हणजे रंग देणारी बारीक पूड, ठासून भरलेला घट्ट रंग आहे. झाकतो एकदम मस्त, मॅक्रॅग ब्लू, मेफिस्टन रेड, ऱ्हायनॉक्स हाइड हे काळ्या प्रायमरवरसुद्धा दोन पातळ हातांत बसतात. पण डबीतून थेट ब्रशने उचलून लावलास तर चेहऱ्यावरचे, चिलखताच्या खाचांमधले बारकावे बुजलेच म्हणून समज, पॅलेटवर घेऊन पाणी घालायलाच हवं. डबी 12 मिलीची, वर उघडणाऱ्या झाकणाची, त्या काठावर रंग सुकून राहिला की झाकण पूर्ण बसत नाही आणि आतला रंग घट्ट होत जातो, म्हणून बंद करताना दर वेळी काठ पुसायचा. यूट्यूबवरचे बहुतेक व्हिडिओ याच रंगांची नावं घेऊन शिकवतात, नवशिक्याला हा फायदा खरंच मोठा आहे.

व्हॅलेहो ही स्पेनची, बार्सिलोनाजवळची कंपनी. गेम कलर त्यांचा जुनाच, पण 2023 च्या आसपास त्यांनी तो नव्या फॉर्म्युल्यात आणला, बाटली 17 मिलीची 18 ची झाली आणि रंग आधीपेक्षा मॅट सुकायला लागले. ड्रॉपरची बाटली असल्यामुळे थेंब मोजून घेता येतात आणि दोन रंगांचं मिश्रण परत तसंच्या तसं करता येतं, हे वीस फिगरची तुकडी रंगवताना फार कामाला येतं कारण आज केलेला निळा पुढच्या रविवारीही तोच लागतो. घेताना बाटलीवरचा नंबर मात्र नक्की बघ, 70 ने सुरू होणारा मॉडेल कलर, 71 चा मॉडेल एअर आणि 72 चा गेम कलर. बाटल्या सगळ्या सारख्याच दिसतात, आणि एअर हा एअरब्रशसाठी, म्हणजे हवेच्या दाबाने रंग फवारायच्या पेनासाठी, पातळ केलेला असतो, बेस कोट म्हणून ब्रशने लावला तर पाण्यासारखा पसरतो.

फनॅटिक हे तिघांमधले सगळ्यात नवे, 2024 चे, डेन्मार्कच्या आर्मी पेंटरचे. एकूण 216 बाटल्या, प्रत्येकी 18 मिली, आत ढवळायच्या गोळ्या आधीच टाकलेल्या. मला यातलं सगळ्यात जास्त काय आवडलं तर मांडणी, बहुतेक रंग सहा-सहाच्या घरात आहेत, गडदापासून फिक्यापर्यंत, म्हणजे एका घरातला मधला रंग बेसला घे, खालचा सावलीला, वरचा कडांना, मिक्सिंगची कटकटच नको. पिगमेंटही भरपूर आहे आणि रंग ब्रशवरून छान गुळगुळीत उतरतो.

आता कुठला जास्त झाकतो हे माझ्याकडून ऐकण्यापेक्षा तुम्ही तिघांनी एका दुपारी स्वतःच बघा, प्रत्येकाकडे एखाददुसरा रंग असेलच. जुन्या लग्नपत्रिकेचा मागचा कोरा पुठ्ठा घ्या, त्यावर पांढरा किंवा फिका प्रायमर मारा नाहीतर पुठ्ठा पाणी पितो आणि सगळेच रंग खराब दिसतात, तो सुकला की मधोमध काळ्या अ‍ॅक्रिलिकने बोटभर रुंद पट्टा ओढा. मार्करने ओढू नका, बऱ्याच मार्करची शाई वरच्या रंगात चढते. मग प्रत्येक रंगाचे दोन थेंब, त्यात एक थेंब पाणी, सगळ्यांना तेच माप, आणि पट्ट्याला आडवा असा एक हात. पूर्ण सुकू दे, मग त्याच्या फक्त अर्ध्या लांबीवर दुसरा हात. आता पुठ्ठा खिडकीत तिरका धरून बघ. तपकिरी, करडा, खाकी, ऑलिव्ह हे कुठल्याही कंपनीचे असोत, दुसऱ्या हाताखाली काळा पट्टा दिसेनासा होतो. पिवळा, नारिंगी, लालभडक आणि पांढरा यांच्याखाली तो दिसत राहतो, कंपनी कुठलीही असो. तेव्हा लक्षात येतं की दोन ब्रँडमध्ये जेवढा फरक आहे त्याच्यापेक्षा जास्त फरक एकाच ब्रँडच्या दोन रंगांत आहे. तिरकं धरलं की चमकही कळते, कुठला पूर्ण मॅट, कुठला थोडा सॅटिन. ही चमक महत्त्वाची, कारण एकाच फिगरवर दोन्ही आले की चिलखत ठिकठिकाणी ओलं असल्यासारखं दिसतं, अर्थात शेवटी मॅट वार्निश मारलं की सगळं एकसारखं होतं, त्यामुळे तेवढ्यासाठी ब्रँड बदलू नका.

म्हणून मोठा सेट नको, सुटे घ्या. पाण्यावरचे अ‍ॅक्रिलिक एकमेकांत बिनधास्त मिसळतात, सिटाडेलचा निळा आणि फनॅटिकचा पांढरा एका पॅलेटवर घेतला तर काही बिघडत नाही. प्रत्येक कंपनीचा जो रंग चांगला झाकतो तो घ्या. सेटमधले निम्मे रंग तुमच्या सैन्याला लागतच नाहीत आणि कपाटात पडून राहतात. वाचलेल्या पैशातून एक टोकदार चांगला ब्रश आणि प्रायमर.

आणखी तीन नावं कानावर येतील. टू थिन कोट्स हे डंकन ऱ्होड्स यांचे, वॉरहॅमरच्या व्हिडिओंमधून ज्यांनी जगभरच्या लोकांना रंगवायला शिकवलं तेच, 15 मिली, एकेका रंगाच्या तीन छटा, गडद, मधली, फिकी. प्रो अ‍ॅक्रिल अमेरिकेतल्या मॉन्युमेंट हॉबीजचे, 22 मिलीची बाटली, रंग पातळ असूनही झाकतो, आणि त्यांचा बोल्ड टायटॅनियम व्हाइट हा पांढरा शोधून दमलेल्या कुणालाही मी डोळे झाकून सुचवीन. एके इंटरॅक्टिव्हचे थर्ड जनरेशन स्पॅनिश, 17 मिली, जरा जेलसारखे आणि खूप मॅट. हे तिन्ही आपल्याकडे सहज मिळत नाहीत, मिळाले तर हात आखडू नका, पण त्यांच्यासाठी काम थांबवून बसायची गरज नाही.

प्रश्न (नाशिक): मी वॉरहॅमरमधलं इम्पीरियल फिस्ट्स हे सैन्य रंगवतोय, म्हणजे आख्खं चिलखत पिवळं. चार-चार हात झाले तरी डाग दिसतात आणि आता थर जाड झालाय. दुकानदार म्हणतो दुसऱ्या कंपनीचा पिवळा घ्या. घेऊ का?

घ्या हवा तर, पण मुळात दोष पिवळ्याचा आहे, कंपनीचा नाही.

रंग झाकतो म्हणजे काय होतं ते बघा. अ‍ॅक्रिलिक रंगात पिगमेंटचे अगदी बारीक कण पारदर्शक प्लास्टिकमध्ये, म्हणजे बाईंडरमध्ये, अडकलेले असतात. प्रकाश आत शिरतो, कणांवर आपटून मागे फिरतो, आणि खालचं काही दिसायच्या आत परत डोळ्यात येतो. कण आणि बाईंडर यांचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश आत शिरताना किती वळतो त्याचं माप, जितका वेगळा तितका प्रकाश जोरात मागे फिरतो. पांढऱ्यातलं टायटॅनियम डायऑक्साइड 2.7 च्या आसपास आणि अ‍ॅक्रिलिक 1.5 च्या आसपास, म्हणून टायटॅनियम जगातलं सगळ्यात कामाचं पांढरं पिगमेंट ठरलं. तपकिरी, विटकरी, गेरूच्या रंगात लोहाचे ऑक्साइड असतात, तेही चांगले झाकतात. पण लख्ख पिवळा आणि लालभडक बहुतेक वेळा सेंद्रिय, म्हणजे कार्बनी रसायनांच्या पिगमेंटने बनतात, रंग सुंदर पण प्रकाश बराचसा आरपार जातो. कॅडमियमचे पिवळे-लाल झाकतात, पण ते विषारी म्हणून छंदाच्या रंगांत सहसा टाळतात. बिस्मथ व्हॅनाडेट नावाचं एक पिवळं पिगमेंट आहे, झाकतंही आणि कॅडमियमची भानगडही नाही, फक्त महाग. ज्या बाटलीवर पिगमेंटचा कोड दिलेला असेल तिथे पीवाय 184 दिसला तर तो हाच, उचलाच.

मग करायचं काय? पिवळ्याला झाकायचं काम देऊच नका, ते काम खालच्या रंगाकडून करून घ्या. काळा प्रायमर सोडा, रेथबोनसारखा हाडाच्या रंगाचा किंवा पांढरा प्रायमर मारा. त्यावर आधी एक असा रंग जो झाकतो आणि पिवळ्याच्या जवळचा आहे. सिटाडेलचा अ‍ॅव्हरलँड सनसेट हा मोहरीकडे झुकणारा पिवळा बेस याच कामासाठी उत्तम आहे, नाहीतर व्हॅलेहो मॉडेल कलरचा आयव्हरी, 70.918. काही जण फिका गुलाबी मारतात, ऐकायला विचित्र वाटतं पण गुलाबीवरचा पिवळा उबदार येतो आणि खाचांमध्ये आपसूक नारिंगी सावली राहते, मला स्वतःला इम्पीरियल फिस्ट्ससाठी हाच प्रकार सगळ्यात आवडतो. त्यावर लख्ख पिवळ्याचे दोन पातळ हात, बस्स. लालाचंही तसंच, खाली विटकरी किंवा मेफिस्टन रेड, वर भडक लाल.

आणि आता जे जाड थर झालेत त्यांच्यावर अजून रंग चढवू नका. प्लास्टिकची फिगर असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवून ठेवा, जुन्या टूथब्रशने घासा, रंग निघतो. हातमोजे घाला, खिडकी उघडी ठेवा, गॅसपासून लांब. रेझिनच्या फिगरला मात्र जास्त वेळ बुडवून ठेवायचं नाही, काही रेझिन मऊ पडतात.

प्रश्न (चिपळूण): पावसाळ्यात स्प्रे प्रायमर मारला की फिगरवर रवाळ, वाळूसारखा थर येतो, त्यावर कुठलाही बेस कोट खरखरीतच दिसतो. जून ते सप्टेंबर छंद बंद ठेवायचा का?

अजिबात नाही! स्प्रे बंद ठेवा, छंद चालू ठेवा.

स्प्रेमधला रंग कॅनमधून निघून फिगरपर्यंत पोचेपर्यंत त्यातलं द्रावण उडत असतं, उडताना हवा गार होते, आणि कोकणातल्या पावसाळ्यासारखी दमट हवा असली की तिथल्या तिथे बाष्प धरतं. त्यात लांबून मारलं की थेंब हवेतच अर्धे सुकतात आणि फिगरवर कोरडी पूड बसते. श्रावणात चार तास लख्ख ऊन पडलं तर त्या वेळेत मारून घ्या, कॅन दोन मिनिटं नीट हलवा, वीतभर ते फूटभर अंतर ठेवा, छोटे छोटे झटके. नाहीतर ब्रशने लावायचा प्रायमर घ्या, व्हॅलेहोचा सरफेस प्रायमर अ‍ॅक्रिलिक-पॉलियुरेथेन आहे, घरात बसून लावता येतो, वास नाही. त्याला पाणी घालू नका, पातळ हात द्या आणि एक अख्खा दिवस सुकू द्या, पावसाळ्यात तर दोन. त्याच्या आधी नखाने ओरखडून बघायचा मोह आवरा, पूर्ण सुकायच्या आत तो पापुद्र्यासारखा निघतो.

दमट हवेत बेस कोटचंही तेच आहे. अ‍ॅक्रिलिक सुकतो तो दोन टप्प्यांत, आधी पाणी उडतं, मग प्लास्टिकचे सूक्ष्म कण एकमेकांना चिकटून सलग थर बनतो. दमट हवेत पहिलाच टप्पा रेंगाळतो, वरून सुकल्यासारखा दिसतो, आपण दुसरा हात द्यायला जातो आणि ब्रशबरोबर पहिला थर दुधावरच्या सायीसारखा गोळा होऊन येतो. म्हणून एका वेळी एक फिगर न घेता सहा घ्या, सहाव्या फिगरपर्यंत पोचाल तोवर पहिली सुकलेली असेल, आणि टेबलफॅन लांबून सोडा.

प्रश्न (नागपूर): आमच्याकडे उलटं. एप्रिल-मेमध्ये रंग पॅलेटवर घेतला की उचलायच्या आत सुकतो, ब्रशच्या टोकावर गोळा होतो.

वेट पॅलेट करा, त्याशिवाय तुमच्या उन्हाळ्यात निभाव लागणार नाही. झाकणाचा चपटा डबा, त्यात ओला करून बसवलेला भांडी पुसायचा स्पंजचा कपडा, त्यावर बेकिंग पेपर. मेणाचा थर असलेला कागद चालत नाही, त्यातून पाणी वर येत नाही. रंग कागदावर घ्या, खालून ओल मिळत राहते आणि रंग तासन्‌तास तसाच राहतो, झाकण लावलं तर दुसऱ्या दिवशीही चालतो. दोन दिवसांआड स्पंज धुवा नाहीतर वास येतो. कूलर-पंखा थेट टेबलावर नको. आणि रंगात रिटार्डरचा, म्हणजे रंग सुकणं लांबवणाऱ्या द्रवाचा, अगदी एखादा थेंब, जास्त घातला तर रंग चिकट राहतो.

बोअरवेलचं जड पाणी असेल तर रंगात घालायला फिल्टरचं पाणी वापरा. जड पाण्यातले क्षार सुकल्यावर पांढुरके दिसतात, काळ्यावर आणि गडद निळ्यावर जास्तच.

प्रश्न (कोल्हापूर): ताई रामराम. आमच्या मंडळाची पोरं दिवाळीत मोठा किल्ला करतात, यंदा बाजारातले तयार मावळे न घेता मातीचे कोरे मावळे आणून स्वतः रंगवायचेत, शंभरेक तरी आहेत. इतक्यांना परदेशी रंग परवडत नाहीत. कॅमल नाहीतर फेविक्रिलचे अ‍ॅक्रिलिक चालतील का?

रामराम दादा! चालतील, आणि तुमच्या कामाला तर तेच बरोबर आहेत.

फरक कुठे पडतो ते सांगते. कापडावर, कॅनव्हासवर, भिंतीवरच्या हस्तकलेसाठी बनवलेले अ‍ॅक्रिलिक हे मोठ्या पृष्ठभागासाठी असतात, थर जाड बसावा, ब्रशचा फटकारा दिसावा, कापडावर असेल तर धुतल्यावर निघू नये, असा त्यांचा हिशेब असतो. मिनिएचरच्या रंगात पिगमेंट जास्त बारीक दळलेलं असतं आणि पातळ केलं तरी झाकेल इतकं भरलेलं असतं. वॉरहॅमरच्या फिगरवर पापणी, बटण, पट्ट्याचं बक्कल अर्ध्या मिलीमीटरचं असतं, तिथे जाड थर चालत नाही. तुमचा मावळा चार-पाच इंचांचा असणार, मुरलेल्या मातीचा, अंगरख्याच्या चुण्या बोटाला लागतील एवढ्या खोल, तिथे काही बुजत नाही. कॅमलिन तर 1931 साली दांडेकर बंधूंनी सुरू केलेली मुंबईची कंपनी, आपल्या तीन पिढ्या शाळेत त्याच रंगांवर वाढल्या, आता तिच्यात जपानच्या कोकुयोची मालकी आहे. रंग तालुक्याच्या गावातही मिळतात, शंभर मावळ्यांसाठी संपला रंग की लगेच आणता येणं ही लहान गोष्ट नाही.

फक्त मातीला आधी बंद करा. भाजलेली माती पाणी शोषते, पहिला हात आत जिरतो आणि रंग फिका, ठिपक्याठिपक्याचा दिसतो. जेसो, म्हणजे कॅनव्हासला आधी देतात तो पांढरा अस्तराचा रंग, किंवा पांढऱ्या वॉल प्रायमरचा एक पातळ हात द्या, तो सुकला की मग बेस कोट. रंग निवडताना वर नाशिकच्या वाचकाला सांगितलं तेच लक्षात ठेवा. भगवा झेंडा आणि शेला पारदर्शक निघणार, त्याच्या खाली पांढरा चोख बसलेला हवा, एखादा डाग राहिला तर तो भगव्यातूनही दिसेल. अंगरख्याला नुसता पांढरा बेस देऊ नका, पांढऱ्यात गेरू आणि काळ्याचा एक ठिपका घालून मळकट पांढरा करा, तो झाकतोही जास्त आणि वर चुण्यांच्या कडेला शुद्ध पांढरा ओढला की कापडाला घडी असल्यासारखी वाटते. चेहऱ्याला गेरू, पांढरा आणि थोडा पिवळा असं एकाच मोठ्या वाटीत मिश्रण करा, शंभर चेहऱ्यांचं एकदमच, घट्ट झाकणाच्या डबीत भरून ठेवा. ओला असताना रंग फिका वाटेल कारण ओलं बाईंडर दुधाळ असतं, सुकल्यावर ते पारदर्शक होतं आणि रंग एक पायरी गडद होतो, त्यामुळे मिश्रण ठरवताना एक ठिपका सुकवून मगच पक्कं करा.

तलवार, ढाली, कड्यांच्या चंदेरी-सोनेरीसाठी वेगळं पाणी, वेगळा ब्रश. त्यातले चमकते कण पाण्यात उतरले की पुढचा मावळा सगळा चमचमता होतो. आणि चंदेरीच्या खाली काळा बेस द्या, पातं एकदम वजनदार दिसतं.

प्रश्न (लेस्टर, इंग्लंड): दिवाळीला भारतात येतेय, भाच्याने रंगांची यादी दिलीये, त्यात दोन स्प्रे कॅनपण आहेत. विमानात आणता येतात का? आणि यादीतली काही नावं इथल्या दुकानात मिळतच नाहीत.

स्प्रे कॅन आणू नका. ज्वालाग्राही रंगाचा स्प्रे प्रवाशाच्या सामानात चालत नाही, केबिनमध्येही नाही आणि चेक-इनमध्येही नाही. पाण्यावरच्या रंगांच्या छोट्या बाटल्या चेक-इन बॅगेत, झिपच्या पिशवीत, झाकणाला टेप लावून आणा, निघायच्या आधी एअरलाइनचे नियम एकदा बघून घ्या. टामियाचे अ‍ॅक्रिलिक यादीत असतील तर ते आणू नका, त्यांच्यात अल्कोहोल असतं, ते पाण्यावरच्या रंगांत मोडत नाहीत.

न मिळणारी नावं म्हणजे बहुधा जुन्या रेंजची असणार. 2012 मध्ये सिटाडेलने जवळजवळ सगळी नावं बदलली, त्यामुळे भाच्याने एखादा जुना लेख वाचून यादी केली असेल तर दुकानात ते सापडणार नाही. त्याला नावाऐवजी रंगाचा फोटो पाठवायला सांगा, दुकानातला माणूस दोन मिनिटांत आजचा रंग काढून देईल. आणि इंग्लंडहून येताय तर टू थिन कोट्सचे दोन-तीन आणाच, ते आपल्याकडे मिळवायला त्रास होतो.

प्रश्न (सांगली): मी बोर्डगेममधल्या वाकणाऱ्या प्लास्टिकच्या फिगर रंगवल्या, स्प्रे प्रायमर मारून आठवडा झाला तरी बोटाला चिकटतोय. बेस कोट मारून टाकू का, त्याने बंद होईल?

नका मारू, खालचा चिकटपणा वरही येत राहतो. तसल्या मऊ प्लास्टिकशी काही स्प्रेमधलं द्रावण जुळत नाही आणि थर कधी पूर्ण सुकतच नाही. रंग काढून, कोमट पाणी आणि भांडी घासायच्या लिक्विडने धुऊन, ब्रशने लावायचा पाण्यावरचा प्रायमर वापरा. नव्या डब्यातल्या फिगर एरवीसुद्धा आधी धुवाव्यात, साच्यातून सुटायला लावलेलं तेलकट काहीतरी अंगावर राहिलेलं असतं, रेझिनच्या तर नक्कीच.

प्रश्न (सोलापूर): कॉन्ट्रास्ट आणि स्पीडपेंट आल्यावर बेस पेंटची गरजच काय उरली?

उरली की. सिटाडेलचे कॉन्ट्रास्ट 2019 मध्ये आले, मग आर्मी पेंटरचे स्पीडपेंट, हे पारदर्शक रंग फिक्या प्रायमरवर एकाच हातात खाचेत गडद आणि उंचवट्यावर फिके बसतात. केस, फर, कापडाच्या चुण्या, कातडं यांच्यावर बघत राहावं असं काम होतं आणि सैन्य भराभर तयार होतं. पण रणगाड्याचा पत्रा, गुळगुळीत चिलखत अशा सपाट जागी डबकी धरतात, तिथे बेस पेंटच हवा. चूक दुरुस्त करायलाही तोच लागतो, कारण पारदर्शक रंगाने खालचा डाग झाकता येत नाही. स्पीडपेंटची पहिली आवृत्ती कुणाकडे असेल तर तिच्यावर ओला रंग चढवला की खालचा परत विरघळतो, 2023 च्या दुसऱ्या आवृत्तीत ते सुधारलंय. मी दोन्ही एकाच फिगरवर वापरते आणि तुम्हीही वापरा.

प्रश्न (ठाणे): ताई, माझा मुलगा दहा वर्षांचा आहे, वाढदिवसाला दोन डझन फिगर मिळाल्यात. हे रंग मुलांसाठी सुरक्षित आहेत का? आणि सुरुवातीला नेमके कुठले रंग घेऊन देऊ? दुकानात गेलं की चक्रावायला होतं.

पाण्यावरचे हे रंग वासाचे नसतात, हात साबणाने धुतले की निघतात, दहा वर्षांच्या मुलाला काही हरकत नाही. एकच सवय पहिल्या दिवसापासून लावा, ब्रशचं टोक करायला तो तोंडात घालायचा नाही, ओल्या कपड्यावर फिरवायचा. स्प्रे प्रायमर तुम्ही मारा, त्याला जवळ उभं करू नका. सुकलेला रंग कपड्यावरून निघत नाही, शाळेचा शर्ट काढून बसवा.

रंगांचं म्हणाल तर एक काळा, एक पांढरा, एक मधला करडा, एक गडद तपकिरी, एक खाकी किंवा वाळूचा रंग, एक निळा, एक विटकरीकडे झुकणारा लाल, एक मोहरीचा पिवळा, एक ऑलिव्ह हिरवा, एक त्वचेचा, एक चंदेरी. एवढ्यात सुरुवात होते, बाकीचं तो मिसळून काढेल आणि मिसळताना जे शिकेल ते सेटमध्ये मिळत नाही. पांढरा तेवढा चांगल्यातला घ्या, इतर कुठल्याही कंपनीचे चालतील, दुकानात जे ताजे असतील ते. ताजे कसे ओळखायचे तर बाटली उलटी करून कानाशी हलवून बघा, आतला रंग खळखळला पाहिजे, गच्च बसलेला नको. घरी आल्यावर प्रत्येक बाटलीत एखादा स्टेनलेस स्टीलचा छर्रा किंवा काचेचा मणी टाका, सायकलच्या बेअरिंगचे छर्रे टाकू नका, ते गंजतात आणि रंग खराब करतात. वापरायच्या आधी मिनिटभर हलवायला सांगा. रंग मॅट करणारी पूड तळाशी बसते, न हलवता घेतला तर तोच रंग चकचकीत आणि पारदर्शक सुकतो.

ब्रश दोनच, बेस कोटसाठी 2 नंबरचा सिंथेटिक आणि बारीक कामासाठी 0 किंवा 1 नंबरचा. अगदी बारीक तीन शून्याचा मुलं हट्टाने मागतात, तो देऊ नका, त्यात रंग मावत नाही आणि फिगरपर्यंत जाईपर्यंत सुकतो. पहिल्या दिवशी दोनच फिगर काढून द्या, बाकीच्या डब्यात राहू द्या.